द्रुतगती मार्ग व त्यालगतची गावे

मुंबई ही राज्याची राजधानी. पुणे व पिंपरी-चिंचवड हा तिच्या निकटचा मोठा औद्योगिक प्रदेश. त्यांना जोडणारा सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा सहापदरी काँक्रीटचा द्रुतगती मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला. २००२ साली तो संपूर्ण खुला झाला. मावळातील फुले व भाजीपाला वाशीच्या बाजारात ताजा पोहोचविण्यास तो उपयुक्त आहे.

तथापि हा गावरस्ता नव्हे. पादचारी, बैलगाडी, ट्रॅक्टर, दुचाकी व तीनचाकी वाहने यांना येथे मनाई आहे. याचे कारण वेगात आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर काटते. माणसाला तीन पदर ओलांडण्यास आठ-नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात दोनशे मीटरांवर दिसणारी मोटार त्याच्यापाशी येऊन ठेपते. जनावर तर मध्येच थबकते.

म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) पलीकडच्या शेतात जाताना भुयारी वाटेचा अथवा पुलाचाच उपयोग करावा.

(२) कुंपण तोडून वाट पाडू नये. मार्गालगत गुरे मोकळी सोडू नयेत.

(३) ट्रॅक्टर या मार्गावर आणू नये. माल गावात एकत्र करून अनेकांनी मिळून चारचाकी टेंपो ठरवावा.

कुंपण तुटलेले आढळल्यास ग्रामकार्यकर्त्यांनी महामंडळास त्वरित कळवावे. एका फटीतून शिरलेली म्हैस स्वतः तर मरतेच, शिवाय मोटारीतील माणसांच्याही जिवावर बेतते.