एक सीटी स्कॅन म्हणजे नेमके किती एक्स-रे?

मे २०२१ आठवतोय? कोविडची दुसरी लाट. जरा खोकला आला की लोक छातीचा सीटी काढायला धावत होते. तेव्हा एम्सचे त्या वेळचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचं उत्तर आलं की नव्या लो-डोस तंत्रानं ते फक्त ५ ते १० एक्स-रेइतकं असतं. मग खरं कोणाचं?

गंमत अशी, की दोन्ही आकडे निघू शकतात. शेवटी हा भागाकार आहे. छातीचा समोरून काढलेला एक एक्स-रे साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट. समोरून आणि बाजूनं असे दोन धरले तर ०.१ च्या आसपास. नेहमीचा छातीचा सीटी ढोबळ ७, आणि अगदी कमी डोसचा ०.५ किंवा त्याहून कमी. ७ भागिले ०.०२ म्हणजे ३५०. ०.५ भागिले ०.१ म्हणजे ५. म्हणून ‘किती एक्स-रे’ हे सोडा, आपल्या स्कॅनचा आकडा बघा.

तो सापडतो कुठे? स्कॅनच्या सीडीत किंवा मोबाइलवर आलेल्या लिंकमध्ये बहुतेक वेळा एक इमेज असते, जिच्यावर फोटो नसून नुसता तक्ता असतो. त्यात दोन गोष्टी शोधा.

पहिली, सीटीडीआय-व्हॉल. एकक मिलिग्रे. पण हा तुमच्या शरीरानं घेतलेला डोस नाही हं! मशीनच्या त्याच सेटिंगला अ‍ॅक्रिलिकच्या एका ठरावीक सिलिंडरला किती डोस मिळतो, ते हा आकडा सांगतो. छाती-पोटासाठी तो सिलिंडर ३२ सेंटीमीटर व्यासाचा धरतात. तुम्ही त्यापेक्षा बारीक असाल तर तुमचा खरा डोस आकड्यापेक्षा जास्त, जाड असाल तर कमी. लहान मुलांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा.

दुसरी, डीएलपी. म्हणजे तोच आकडा गुणिले स्कॅन केलेली लांबी. समजा ८ मिलिग्रे आणि ३५ सेंटीमीटर, तर डीएलपी २८०. मोठ्या माणसाच्या छातीसाठी याला ०.०१४ नं गुणायचं. उत्तर साधारण ४ मिलिसीव्हर्ट. पोटासाठी गुणक ०.०१५, डोक्यासाठी ०.००२१. मुलांचे गुणक वेगळे, तिथे हे वापरू नका.

आता ४ म्हणजे किती? जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशन जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट असतं. म्हणजे हा स्कॅन दीडेक वर्षाच्या नैसर्गिक डोसइतका. पण इथे एक भान ठेवा. मिलिसीव्हर्टचा हा हिशोब सर्व वयांच्या स्त्री-पुरुषांची सरासरी धरून केलेला असतो. दोन स्कॅनची तुलना करायला तो चांगला, पण ‘मला कॅन्सर होईल का’ याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. त्यामुळे ‘सीटी काढू नका’ असं मी मुळीच म्हणत नाहीये. डोक्याला मार लागलाय, पोटात असह्य दुखतंय, तर आकडेमोड करत बसू नका. डोस फारच कमी ठेवला आणि इमेज धूसर आली तर पुन्हा स्कॅन करावा लागतो, तेही नुकसानच.

आपल्या हातात काय आहे? जुन्या सीडी जपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर तोच स्कॅन परत होणार नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआयनं भागेल का, ते विचारा, कारण त्यांत एक्स-रे नसतात. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधीच सांगा. आणि मुलाचा स्कॅन असेल तर सरळ विचारा, “सेटिंग मुलांचं लावलंय ना?” हे विचारायला लाजू नका.

घरी कोणाचा जुना सीटी पडलाय? आज तो तक्ता उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!