कच्च्या वाटेची कॅराव्हॅन

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची राहती खोली. झोपायला जागा, चूल, पाण्याची टाकी आणि वीज एवढे तिच्यात असले की ती पुरी होते. तिचे दोन प्रकार आहेत: स्वतःच्या इंजिनावर चालणारी, आणि जीप किंवा पिकअपमागे जोडून ओढायची. डांबर संपल्यावरही पुढे जाता यावे म्हणून जी बांधलेली असते, ती ऑफ-रोड कॅराव्हॅन. तिचा तळ उंच, पाटे (लीफ स्प्रिंग) दणकट, टायर जाड आणि सांधे पाणी-धूळ आत न घेणारे असतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द राज्यात बराच रुळला. पण मिनीबसवर बांधलेली, डांबरी रस्त्याची कॅराव्हॅन आणि कच्च्या वाटेची कॅराव्हॅन ही दोन वेगळी यंत्रे आहेत. निवड करताना पहिली चूक होते ती इथेच.

ही निवड जमिनीपासून सुरू करावी लागते, आणि त्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याइतके चांगले उदाहरण राज्यात क्वचितच मिळेल. 17,048 चौरस किलोमीटरचा हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड. घाटघरला अनेक वर्षी पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पूर्वेला पाथर्डी, शेवगाव आणि दक्षिणेला जामखेड, कर्जत हा पर्जन्यछायेचा मुलूख. तिथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे चांगले साल. पश्चिमेला बसाल्टचे धारदार दगड, लाल चिखल आणि घाटाची वळणे. गोदावरी, प्रवरा, मुळेच्या काठाने खोल काळी जमीन. मधल्या माळावर मुरूम. एकाच जिल्ह्यात गाडीला तीन प्रकारची परीक्षा द्यावी लागते, आणि तिन्हींत उत्तीर्ण होणारी गाडी सहसा सर्वांत मोठी किंवा सर्वांत महाग नसते.

मोठेपणाचा प्रश्न आधी निकाली काढावा. नियमांप्रमाणे मोटार वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंत चालते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची डांबरी पट्टी मात्र 3.75 मीटर असते, आणि वर्दळ कमी असलेल्या ठिकाणी 3 मीटरच. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर हा रस्ता घेतला, तर समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. पावसाळ्यात साइडपट्टी म्हणजे मऊ चिखल, आणि बऱ्याच जागी तिच्यापलीकडे उतार. म्हणून दोन मीटरच्या आतबाहेरची रुंदी ही इथली व्यवहार्य मर्यादा मानावी. उंचीचेही तसेच: वाडीवस्तीवर झुकलेल्या आंब्याच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा तीन मीटरपेक्षा उंच गाडीला सोडत नाहीत.

ऑस्ट्रेलियात ओढायची ऑफ-रोड कॅराव्हॅन लोकप्रिय आहे, कारण तिथल्या कच्च्या वाटा लांबलचक, सरळ आणि मोकळ्या आहेत. कॅराव्हॅन तळावर सोडून पुढचा फेरफटका नुसत्या जीपने मारता येतो, हा तिचा मोठा गुण. पूर्व अहिल्यानगरच्या माळावर किंवा नाथसागर जलाशयाच्या काठी तिचा उपयोग होईल. सह्याद्रीत मात्र ती अडचणीची ठरते. अरुंद वाटेवर समोर दरड आलेली दिसली की मागे फिरावे लागते, आणि जोडगाडी उलटी नेणे हे स्वतंत्र कसब आहे: स्टिअरिंग ज्या बाजूला वळवावे त्याच्या विरुद्ध बाजूला ट्रेलर जातो. ट्रेलरच घ्यायचा तर त्याच्या चाकांतले अंतर ओढणाऱ्या गाडीइतकेच असावे, म्हणजे तो त्याच चाकोरीतून येईल. जोड तिन्ही दिशांना फिरणारा असावा. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली नसते. तिथे उत्पादकाकडून ती लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या जिल्ह्याच्या दोन्ही टोकांना चालेल अशी गाडी म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली पिकअप किंवा छोटी व्हॅन, आणि तिच्यावर बांधलेली हलकी खोली. फोर बाय फोरबरोबर लो-रेंज गिअर हवा, कारण घाटात चढण्याइतकेच उतरणे महत्त्वाचे असते आणि भरलेली गाडी केवळ ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून निकामी होतात. एक चाक हवेत आले की साध्या डिफरन्शियलमधून सारा जोर त्या मोकळ्या चाकाकडे निघून जातो; त्यासाठी डिफरन्शियल लॉक. फोर्सच्या गुरखा जीपला तो पुढे-मागे दोन्हीकडे मिळतो. पण काळ्या जमिनीपुढे फोर बाय फोरचाही इलाज चालत नाही. पाणी प्यायलेली काळी माती फुगते, चाकाला लिंपते, टायरच्या खाचा बुजवते आणि टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत शिरू नये, दोन उन्हे खाऊ द्यावीत, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असलेले ज्ञान कॅराव्हॅनवाल्यालाही तसेच लागू आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबणे हा एकच मार्ग.

सस्पेन्शनच्या बाबतीत जाहिराती स्वतंत्र कॉइल आणि एअरबॅगची भलामण करतात. त्यांनी गाडी मऊ चालते, हे खरे. पण निवडीचा निकष दुरुस्ती हा असावा. पाटा तुटला तर राजूर किंवा अकोल्याच्या गॅरेजात पाटा मिळतो, यू-बोल्ट मिळतो आणि तो बसवणारा कारागीरही मिळतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप यांच्यावर जगणाऱ्या भागात हे हुन्नर जागोजागी आहे. परदेशी एअरबॅग फुटली तर गाडी उचलूनच न्यावी लागते. टायर ट्रकच्या घडणीचे, जाड बाजूंचे घ्यावेत, कारण बसाल्टचा दगड टायर तळातून कमी आणि बाजूने जास्त कापतो. पाचवे चाक त्याच मापाचे असावे आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर सोबत असावा.

आता वजन. कॅराव्हॅन बिघडते ती बहुतेक वेळा इथे. नोंदणी पुस्तिकेत दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. यांतला फरक म्हणजे माणसे, पाणी, खोली आणि सामान या सगळ्यांची मिळून परवानगी. खोली, पलंग, ओटा, बॅटऱ्या बांधून झाल्यावर त्यातले किती उरते, हा विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न. 120 लिटर पाणी म्हणजे 120 किलो. चार माणसे अडीचशे-तीनशे किलो. जादा चाक, छत्री, अंथरुणे, शिधा, अवजारे यांत आणखी दोनशे किलो सहज जातात. क्षमतेपलीकडे भरलेल्या गाडीचे पाटे, बेअरिंग आणि ब्रेक डांबरावर कसेबसे निभावतात आणि खडीवर मोडतात.

वजन किती याइतकेच ते कुठे ठेवले हे मोलाचे. बैलगाडी भरताना गडी जो हिशेब करतो तोच इथे करावा लागतो: मागे भार झाला की गाडी उलाळ होते, पुढे झाला की जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरच्या जोडावर त्याच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पडावा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन फिरतो. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या खाली, ॲक्सलच्या जवळ असाव्यात. टपावर जड सामान लादलेली उंच गाडी आडव्या उतारावर कलंडते. वजन पाहण्याची सोय या जिल्ह्यात जवळपास सगळीकडे आहे. साखर कारखाने, बाजार समित्या आणि खडी केंद्रांमुळे वजनकाटे जागोजागी आहेत. पाणी, सामान आणि माणसांसह गाडी काट्यावर घालावी, आणि पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा.

खोलीच्या बांधणीत लाकडी चौकट टाळावी. घाटघरचा पाऊस आडवा येतो; एकदा सांध्यातून पाणी शिरले की लाकूड आतून कुजते आणि ते बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फायबरग्लासच्या दोन पत्र्यांमध्ये फोम असलेली पटले हलकी, उष्णता अडवणारी आणि न कुजणारी असतात. सांधे जितके कमी तितके बरे. खिडक्यांची हौस आवरावी. पूर्वेकडे प्रश्न उलटा, धुळीचा. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या फटीतून फुफाटा आत ओढला जातो. टपावर पुढच्या बाजूला जाळीची झडप ठेवून आत थोडा दाब राखला की धूळ बाहेरच राहते. तळाखालच्या नळ्या आणि वायरी उघड्या असतील तर पहिल्याच दगडाळ ओढ्यात त्या जातात.

विजेचा हिशेब कागदावर करून मगच बॅटरी घ्यावी. 12 व्होल्टचा छोटा फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि फोन मिळून दिवसाला सुमारे एक युनिट लागते. 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सव्वा युनिटच्या आसपास देते आणि वजनाला बारा-तेरा किलो भरते. तेवढेच काम करणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्या कितीतरी जड होतात, कारण त्या निम्म्याखाली उतरवल्या की लवकर मरतात. 200 वॉटचे सौर पॅनेल कर्जत-जामखेडच्या उन्हात दिवसाची गरज बरीचशी भागवते. जुलैत रतनवाडीला तेच पॅनेल जवळजवळ निरुपयोगी असते, म्हणून चालत्या इंजिनावरून चार्ज होण्याची सोय हवीच. बीएस-6 गाड्यांत त्यासाठी डीसी-डीसी चार्जर लावावा. एअर कंडिशनर रात्रभर चालवायचा तर पाच-सहा युनिटे लागतात. भंडारदऱ्याच्या रात्रींना तो नको असतो, आणि मे महिन्यातल्या पठारावर झाडाची सावली व उत्तम पंखा यांवर भागवणे शहाणपणाचे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला की तळाशी साचतो. सिलिंडरचा कप्पा खोलीपासून बंद आणि खालून बाहेर उघडा असावा. चूल मागच्या दाराशी किंवा बाहेर ओढता येणारी असेल तर अधिक बरे.

कायद्याच्या बाजूने मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. तयार गाडी त्याप्रमाणे मान्यता मिळालेली आहे का, हे पाहावे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदलेल्या गाडीत मनाने फेरबदल करता येत नाहीत. तसे केल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. मान्यतेच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक याच जिल्ह्यात आहे. अहिल्यानगरजवळच्या वाहननगर येथील व्हीआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 मध्ये तिचे नाव आहे. लष्करी गाड्यांचे संशोधन हे तिचे मूळ काम, आणि तिच्या आवारातील चाचणी केंद्रात नागरी वाहनेही तपासली जातात. गाडी कितीही दणकट दिसो, मोजून पाहिल्याशिवाय ती दणकट नाही, ही तिथली रीत खरेदीदारानेही पाळण्यासारखी आहे. चालवण्यासाठी 7500 किलोपर्यंत हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

मुक्काम कुठे करायचा याचाही विचार खरेदीआधीच करावा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासूनचे अभयारण्य आहे, आणि जंगलात वाट सोडून गाडी घालण्याला तिथे जागा नाही. ऑफ-रोड याचा इथला अर्थ खराब रस्ता एवढाच. पठारावरच्या गवतात आणि कातळफुलांत चाके घालणे हा त्या जागेचा नाश आहे. शेंडी, साम्रद, पुरुषवाडी या गावांत ग्रामस्थ स्वतःच्या जमिनीवर मुक्कामाची सोय करतात. तिथे पैसे देऊन थांबावे. सांडपाणी टाकीत साठवून योग्य जागी रिकामे करावे, शौचालय कॅसेटचे, म्हणजे टाकी काढून नेता येणारे, घ्यावे. भंडारदऱ्याच्या जलाशयाचे पाणी खाली प्रवरेच्या काठची गावे पितात.

खरेदीआधी त्याच प्रकारची गाडी भाड्याने घेऊन दोन मुक्काम करावेत, त्यातला एक पावसात. भरलेली गाडी घाटातून उतरवून ब्रेक किती तापतात ते पाहावे. अरुंद रस्त्यावर तीनदा पुढेमागे करून वळते का ते पाहावे. खडीवर वीस किलोमीटर चालवून कपाटांची दारे, टाकीचे पट्टे आणि खालचे बोल्ट तपासावेत. जुनी गाडी घेताना गाद्या उचलून कोपऱ्यातली भिंत दाबावी. मऊ लागली तर आत पाणी मुरले आहे, आणि ती गाडी सोडून द्यावी.