गोदेचा माग (लेखांक ९) : होप बेटावरची आपली वाळू

मागच्या आठवड्यात आपण धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी थांबलो होतो. आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ साली पुरा झालेला तो बंधारा ओलांडला की गोदावरीला फाटे फुटतात. डावीकडची गौतमी, उजवीकडची वसिष्ठा. आज गौतमीच्या अंगाने समुद्र गाठू आणि होडीत बसून एका बेटावर दिवस काढून येऊ.

त्याआधी थोडं घराकडे वळतो. माझं गाव चुडावा, पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं स्टेशन. उन्हाळ्यात गोदेचं पात्र आटलं की आम्ही पोरं वाळवंटात लोहचुंबक फिरवायचो. बाहेर काढला की त्याला काळ्या पुडीच्या मिशा फुटलेल्या असायच्या. ती पूड कुठून येते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आपला काळा पाषाण झिजतो, त्यातले लोहाचे जड कण पाण्यासोबत ओढ्यात, ओढ्यातून पूर्णेत येतात, आणि कंठेश्वरच्या संगमावर गोदेच्या स्वाधीन होतात. तिथून पुढे शेकडो किलोमीटरचा प्रवास.

त्या प्रवासाचं एक टोक म्हणजे काकिनाड्यासमोरचं होप बेट. नकाशात पाहिलं तर समुद्रात उत्तरेकडे काढलेल्या कोयत्यासारखं दिसतं. लांबी सुमारे सोळा किलोमीटर, पण रुंदी अगदी बेताची. खडक नाही, डोंगर नाही, सगळी वाळूच. वयही फार नाही, साधारण दोनशे वर्षं. म्हणजे पेशवाई बुडाली त्या सुमारास ते आकाराला येत होतं.

वाळू अशी रांगेत का साचते? नदी गाळ मुखाशी टाकते, पण तो तिथे पडून राहत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा लाटांना किनाऱ्यावर तिरक्या आणून आपटतो. प्रत्येक लाट वाळूचे कण थोडे पुढे, म्हणजे उत्तरेकडे, सरकवते. किनारा जिथे आत वळतो तिथे वाळू मात्र सरळ चालत राहते. मग पाण्यात वाळूचा दांडा तयार होतो, आणि त्याच्या आड शांत पाणी अडकतं. मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये अशीच चिंचोळी पट्टी आहे. तिथे मात्र आता घरं आणि पर्यटकांची गर्दी आहे. होप बेटावर मच्छीमारांची वस्ती सोडली तर फारसं काही नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

या दांड्याने काकिनाड्याला काय दिलं, हे शेजारच्या कोरिंगाकडे पाहिलं की कळतं. १८३९ च्या नोव्हेंबरात आलेल्या वादळाने ते गजबजलेलं बंदर उद्ध्वस्त केलं. पुढे काकिनाडा वाढलं. होप बेट लाटांचा मार अंगावर घेतं, म्हणून आतल्या उपसागरात जहाजं निर्धास्त उभी राहतात.

जायचं कसं? परभणीहून शिर्डी–काकिनाडा गाडी धरा, किंवा नांदेडहून विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या गाडीने सामलकोटला उतरा. काकिनाड्यातून पुढे होडी. हवा बिघडली की होड्या सुटत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. पिण्याचं पाणी, डब्यातली भाकरी, डोक्याला उपरणं हे सगळं घरून न्या. तिथे सावली शोधावी लागते. लाटा जोरकस असतात, आपल्या नदीत पोहणाऱ्यांनीही खोल जाऊ नये. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासविणी इथे अंडी घालायला येतात. वाळूत फरपटीसारखी खूण दिसली तर तिच्यावरून चालू नका, आणि कचऱ्याची एक पिशवीही मागे ठेवू नका.

आणि किनाऱ्यावर पाण्याच्या रेषेत चुंबक जरूर फिरवा. काळी पूड चिकटेल. तिच्यात पूर्व घाटाचे कणही मिसळलेले असतात, पण काही आपल्याकडचे आहेत. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझा घसा दाटून आला होता.

आता ही वाळू वाटेतच अडते. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, गोदेवर जायकवाडी, विष्णुपुरी, पुढे पोचमपाड. धरणांनी आपल्याला पाणी दिलं, त्यांना दोष देणं मला जमणार नाही. पण समुद्राकडे जाणारा गाळ गेल्या पन्नास वर्षांत निम्म्याहून खाली आला आहे. त्यात भर म्हणून आपल्या घाटांवर लिलाव झाले नसतानाही रात्री हायवा भरले जातात. परिणाम कुठे दिसतो? त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी खचतो आहे. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा आहे, तिथल्या जामदानी साड्या आपल्या बायकांना ठाऊक आहेत. तिथे समुद्राने घरं आणि रस्ता गिळला. तिथलं कारण एकट्या धरणांत नाही, होप बेट स्वतःच वाढताना उत्तरेकडे जाणारी वाळू अडवतं, लाटांची दिशा बदलतं, बंदराची कामंही आहेतच. तरी येणारी वाळूच कमी झाली तर उप्पाड्याची झीज भरून निघणार कशी?

परतीची होडी खाडीतून येताना डाव्या हाताला खारफुटीची हिरवी भिंत दिसते. पुढच्या आठवड्यात तिच्यात, कोरिंगा अभयारण्यात शिरू.