बोल्ट ॲक्शनची पारख

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर लोखंडाची वस्तू काही दिवस उघडी राहिली, की तिच्यावर तांबूस गंज चढू लागतो. खाऱ्या हवेचा हा गुण ट्रॉलरच्या मालकाला जितका ठाऊक, तितकाच आंबा-काजूच्या बागा राखणाऱ्या परवानाधारक बागायतदारालाही. वन्यप्राण्यांपासून पीक वाचविण्यासाठी कोकणात बंदुकीचे परवाने दिले जातात. मात्र रायफलीचे मर्मस्थान असलेली 'बोल्ट ॲक्शन' कशी पारखावी, याविषयी मराठीत क्वचितच लिहिले जाते.

ॲक्शन म्हणजे काय?

रायफलीची नळी बदलता येते, दस्ता नवा बसविता येतो. पण ॲक्शन हा तिचा पाया असतो. काडतूस नळीत ढकलणे, मागची बाजू घट्ट बंद करणे आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणे ही कामे बोल्ट करतो. दाराच्या कडीप्रमाणे तो पुढे सरकवून फिरवला, की त्याचे पोलादी कान खाचांमध्ये अडकतात. .३०-०६ या काडतुसाचा दाब सुमारे ४,००० वातावरणांपर्यंत जातो. जगातील सर्वांत खोल समुद्राच्या तळाशीही तो साधारण १,१०० वातावरणे एवढाच असतो. हा दाब आणि नेमबाजाचा चेहरा यांच्यामध्ये केवळ बोल्टचे कान उभे असतात. म्हणूनच रायफल घडवून घेताना पहिला प्रश्न ॲक्शनचा.

तीन घराणी

जर्मनीच्या पॉल माउझरची १८९८ची रचना आजही आदर्श मानली जाते. तिला पुढे दोन कान असून मागे तिसरा सुरक्षेसाठी आहे. तिचा रुंद पंजा काडतूस पेटीतून वर येतानाच पकडतो आणि पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. रायफल कोणत्याही कोनात धरली तरी काडतूस निसटत नाही. मोठ्या श्वापदांच्या शिकाऱ्यांनी तिच्यावर विश्वास टाकला तो यामुळेच. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल याच ॲक्शनवर बांधलेली होती.

दुसरे घराणे १९६२च्या रेमिंग्टन ७००चे. येथे बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि शेवटी पकडतो. रचना सुटसुटीत, किंमत कमी, नेमही उत्तम. दोष एकच. घाईत बोल्ट अर्ध्यावरून मागे ओढला, तर सुटे काडतूस आतच राहते व दुसरे त्यावर येऊन अडकते.

तिसरे घराणे भारतीयांच्या परिचयाचे, ली-एनफिल्डचे. पश्चिम बंगालमधील इशापूर रायफल कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल याच वंशातील. तिचा बोल्ट झपाट्याने चालतो. पण कान मागच्या बाजूस असल्याने दाबाखाली तो किंचित लवतो. त्यामुळे अतिशय जोरकस काडतुसांसाठी ही ॲक्शन निवडली जात नाही.

लांबी आणि पोलाद

काडतूस आधी ठरवावे, ॲक्शन मागाहून. .३०८चे काडतूस सुमारे ७१ मिलिमीटर लांब, .३०-०६चे ८५, तर .४१६ रिग्बीचे ९५. आखूड ॲक्शनमध्ये लांब काडतूस बसविण्यासाठी पोलाद कोरावे लागते आणि ताकद नेमकी तेथेच घटते.

जुन्या लष्करी ॲक्शन स्वस्त मिळतात, म्हणून परदेशातील हौशी मंडळी त्यांकडे वळतात. तेथे सावधगिरी हवी. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातील १९०३ मॉडेलच्या ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या काही रायफलींचे पोलाद ठिसूळ निघाले व त्या फुटल्या. कारागीर तापलेल्या पोलादाचे तापमान डोळ्यांनी, त्याच्या रंगावरून ठरवीत असत. उजेड बदलला की अंदाज चुके. वरची झळाळी पाहून आतले पोलाद कळत नाही, हा त्यातील धडा. दोन्ही कान सारखे टेकतात का आणि बंद बोल्ट व काडतूस यांत योग्य तेवढेच अंतर आहे का, हे जाणकाराने मापकाने तपासणे अनिवार्य ठरते.

किनाऱ्याचा निकष

कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत सूक्ष्म नेमापेक्षा सहज उघडणारा, हत्याराविना काढून पुसता येणारा बोल्ट मोलाचा. स्टेनलेस पोलाद गंजाला उशीर लावते, पण अभेद्य नसते. तेलाचा हात फिरवावाच लागतो. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो आणि ॲक्शनवर ताण येऊन नेम ढळतो. दस्त्यातील बैठक म्हणूनच काळजीपूर्वक करावी लागते.

कायदा आधी

भारतात मात्र निवडीचे स्वातंत्र्य मर्यादित आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच ठरतात. विनापरवाना बंदूक घडविल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यालाही अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.

शिवाय .३०-०६ची गोळी तीन किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आणि झाडी दाट असलेल्या मुलखात झुडपातील हालचालीवर चाप ओढणे म्हणजे पलीकडच्या माणसाचा जीव पणाला लावणे होय. उत्तम ॲक्शन दाब पेलते, पुंगळी खेचते, नेम राखते; समोर काय आहे आणि त्याच्या मागे कोण आहे, हे पाहण्याची जबाबदारी मात्र नेमबाजाचीच राहते.