विश्लेषण : विंडोज अपडेट थांबवावे की येऊ द्यावे? वापरकर्त्याच्या हाती नेमके काय?

ऑनलाइन अर्जाची मुदत संपत आलेली असताना किंवा बैठकीच्या तोंडावर संगणक ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’ असे सांगत अडून बसतो. मग अपडेट कायमचे बंद करण्याचे उपाय शोधले जातात. पण तसे करणे कितपत सुरक्षित आहे? कोणते अपडेट कधी बसवायचे, हे ठरवणे वापरकर्त्याच्या हाती किती आहे?

हवे तेवढेच अपडेट का निवडता येत नाही?

विंडोज ७ मध्ये यादीतील प्रत्येक अपडेटसमोर चौकट असे. नको असलेल्यावरची खूण काढली की काम होई. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पासून ही सोय गेली. आता दर महिन्याचे अपडेट एकत्रित असते, म्हणजे त्यात आधीच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही असतात. प्रत्येकाने वेगवेगळी अपडेट निवडली, तर प्रत्येक संगणकाची स्थिती वेगळी होते आणि चाचणी घेणे अवघड जाते, हे यामागचे कारण. त्यामुळे ‘कोणते अपडेट’ यापेक्षा ‘कधी’ याचेच नियंत्रण वापरकर्त्याकडे अधिक उरले आहे.

अपडेटचे प्रकार कोणते?

मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. भारतात तेव्हा रात्र असल्याने अनेकांना ते बुधवारी दिसते. महिनाअखेरीस येणारे ‘प्रीव्ह्यू’ अपडेट ऐच्छिक असते. पुढील महिन्यातील बदल त्यात आधी मिळतात. ते घेतले नाही तरी सुरक्षेचे नुकसान नाही. वर्षातून एकदा नवी वैशिष्ट्ये देणारे मोठे ‘फीचर अपडेट’ येते. याशिवाय प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड यांसारख्या भागांचे ड्रायव्हरही याच मार्गाने येतात.

होम आवृत्तीत काय करता येते?

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’मध्ये गेल्यास ‘पॉज अपडेट्स’ दिसते. तेथून एक ते पाच आठवडे अपडेट थांबवता येतात. मुदत संपली की आलेली अपडेट बसवल्याखेरीज पुन्हा थांबवता येत नाही. त्याच पानावरील ‘नवी अपडेट उपलब्ध होताच मिळवा’ हा पर्याय बंद ठेवल्यास ऐच्छिक बदल आपोआप येत नाहीत. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये दिवसातील १८ तासांपर्यंतचा कामाचा वेळ नोंदवला, तर त्या काळात संगणक आपोआप रीस्टार्ट होत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ते कनेक्शन ‘मीटर्ड’ केल्यास बहुतेक अपडेट डेटा खर्च करून आपोआप उतरत नाहीत.

प्रो आवृत्तीत जास्त काय?

प्रो आवृत्तीत ‘ग्रुप पॉलिसी एडिटर’ मिळतो. त्यातून सुरक्षा अपडेट ३० दिवसांपर्यंत, तर फीचर अपडेट ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर येऊ नयेत, अशीही सूचना देता येते. छपाईचे काम ठरावीक जुन्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या छोट्या व्यवसायांना हा पर्याय उपयोगी ठरतो.

मग कायमचेच बंद का करू नये?

सेवा बंद करण्याचे उपाय फार टिकत नाहीत. विंडोजची दुरुस्ती यंत्रणा ती पुन्हा सुरू करू शकते. मोठा धोका मात्र वेगळा आहे. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने १२ मे २०१७ रोजी जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून तो पसरला, तिची दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे ५९ दिवस आधी आली होती. त्याच त्रुटीचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने जूनमध्ये मायर्स्क या जहाज कंपनीला विळखा घातला, तेव्हा मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. दुरुस्ती जाहीर झाली की त्रुटी कुठे होती, हे हल्लेखोरांनाही कळते. म्हणून काही दिवस थांबणे आणि कित्येक महिने थांबणे यांत मोठा फरक आहे.

थोडे थांबण्याचा फायदा काय?

अपडेटही सदोष असू शकते. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काहींच्या फायली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले. घाईने अपडेट घेणाऱ्यांना फटका बसला, थांबलेले वाचले. म्हणूनच सुरक्षा अपडेटसाठी साधारण आठवडाभर आणि फीचर अपडेटसाठी काही महिने वाट पाहणे, हा व्यवहार्य मध्यममार्ग आहे.

अपडेटनंतर बिघाड झाला तर?

‘अपडेट हिस्टरी’तील ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून बहुतेक मासिक अपडेट काढता येतात. त्यानंतर लगेच ‘पॉज’ करावे, अन्यथा तेच पुन्हा बसते. मोठ्या फीचर अपडेटनंतर ‘रिकव्हरी’तील ‘गो बॅक’ पर्याय साधारण १० दिवस उपलब्ध असतो. कोणत्याही परिस्थितीत महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर हवीच.

विंडोज १० वापरणाऱ्यांचे काय?

त्यांच्यापुढील प्रश्न उलटा आहे. या प्रणालीचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेल्या विस्तारित योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती न केलेल्या संगणकावर ‘अपडेटचा त्रास’ संपलेला दिसेल. प्रत्यक्षात संपलेले असेल ते संरक्षण.