कोपऱ्यातली बैठक आणि लोणा

दर्यापूरहून एका ताईंचा प्रश्न आलाय. शॉवरखाली सासूबाईंसाठी बांधून घेतलेल्या बैठकीच्या पुढच्या सांध्यांतून पांढरी भुकटी फुटते. मिस्त्री ॲसिडने धुऊन देतो, महिन्याभरात पुन्हा तेच.

हा लोणा. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेला आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात माल कालवला, त्याच पाण्याने तराई केली, की क्षार बांधकामात मुरलेच. आयएस ४५६ प्रमाणे काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सळई असेल तर फक्त ५००. पाण्याची तपासणी करून घ्यायला हवी, ती यासाठी.

पण क्षार आपणहून बाहेर येत नाहीत. बैठकीच्या पोटात मुरलेलं पाणी त्यांना विरघळवून सांध्यापर्यंत आणतं. पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात. म्हणजे लोणा दिसला, की आतली वीट ओली आहे असं समजा. ॲसिड तर सांध्यातलं सिमेंटच खातं, पाण्याची वाट आणखी रुंद होते.

ताई, पंधरा दिवस तो शॉवर बंद ठेवा आणि भुकटी कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पुन्हा फुटली नाही तर दोष बैठकीत. फुटतच राहिली तर ओल जोत्यातून किंवा भिंतीतल्या पाइपातून येतेय.

दोष बैठकीत निघाला तर ती फोडा, वरवर डागडुजी नको. बहुतेक ठिकाणी विटांची बैठक आधी उभी राहते आणि वॉटरप्रूफिंगचा हात तिच्या भोवतीने फिरतो. मागचा कोपरा कोराच राहतो. क्रम उलटा हवा. आधी जमीन आणि दोन्ही भिंती, कोपऱ्यात गोलाईचा वाटा, त्यावर फायबरची जाळी, मग कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा. त्यानंतर गोड्या पाण्याच्या मालात बैठक बांधा, प्लास्टर वाळलं की तिच्यावरही कोटिंग करा आणि ते भिंतीवरच्या थराला जोडा.

वर ग्रॅनाइटचा एकच तुकडा बसवा, फुटाला पाव इंच उतार पुढच्या बाजूला. भिंतीची टाइल त्याच्यावर येऊन टेकली पाहिजे. ग्रॅनाइट टाइलला नुसता चिकटवला तर त्या फटीतून पाणी थेट पोटात जातं. पुढे काढलेल्या कडेला खालून खाच मारून घ्या, पाणी तिथेच गळून पडेल. उंची १७-१८ इंच असली की गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला सोपं जातं.

टाइल आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत, अडवतो तो त्यांच्या मागचा थर. तो पूर्ण झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मिस्त्रीला पहिली वीट ठेवू देऊ नका.