दोष पत्रिकेत की प्रश्नपत्रिकेत?

दक्षिणेच्या यात्रेला जाणाऱ्या मराठी मंडळींना कुंभकोणम नवे नाही. तिथून जवळच तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. तिथल्या नागनाथस्वामी मंदिरात राहूला दुधाचा अभिषेक होतो आणि मूर्तीवरून ओघळताना ते दूध निळसर दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पत्रिकेतल्या राहुदोषाचे निवारण व्हावे म्हणून लांबलांबून लोक इथे येतात.

घरात काही अडले, की दोष पत्रिकेत शोधायची आपली जुनी सवय. पण मुलाचे परीक्षेत अडले तर? कधी कधी दोष प्रश्नपत्रिकेतही असतो. तामिळनाडूतल्या मुलांनी २०१८ मध्ये हे अनुभवले.

वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा त्या वर्षी मे महिन्यात झाली. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सुमारे २४ हजार मुलांनी तामिळ भाषेतला पेपर निवडला होता. त्या पेपरात ४९ प्रश्नांचे भाषांतर सदोष आहे, अशी तक्रार तेव्हाचे राज्यसभा सदस्य टी. के. रंगराजन यांनी न्यायालयात नेली. चित्त्यासाठी तामिळमध्ये ‘सिरुत्तै’ हा रूढ शब्द असताना इंग्रजी नावच तामिळ लिपीत ‘सीत्ता’ असे छापले गेले, हे त्यातले बरेच गाजलेले उदाहरण.

परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय मंडळाचे म्हणणे असे, की भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण मानावा, हे आधीच सांगितले होते. पण ज्याने आपल्या भाषेत शिकून आपल्या भाषेतला पेपर घेतला, त्याने घड्याळाकडे बघत प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा? मग त्याला इतरांइतकाच वेळ मिळाला असे कसे म्हणायचे?

जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ४९ प्रश्नांचे प्रत्येकी चार, असे १९६ गुण तामिळ पेपरवाल्या सर्वांना देण्याचा आदेश दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रश्न सोडवला असो वा नसो, सगळ्यांना सरसकट गुण देणे न्याय्य नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. तेही खोटे नाही. एकदा पेपर हातात पडला, की चूक नेमकी कोणाला किती भोवली हे सांगणे कठीण. म्हणून औषध आधीच हवे.

याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, मराठीसह प्रादेशिक भाषांतल्या पेपरांत प्रश्नच इंग्रजीपेक्षा वेगळे होते. त्यावर ओरड झाली आणि पुढे सर्वांना तेच प्रश्न भाषांतर करून देण्याचे ठरले. पण ‘तोच प्रश्न’ म्हणजे काय?

आपल्या मराठीतलेच पाहा. बोलताना आपण ‘वेग’ आणि ‘चाल’ यांत फरक करत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र तो आहे. ४०० मीटरच्या गोल मैदानाला एक मुलगी १०० सेकंदांत पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी आली. तिची सरासरी चाल सेकंदाला ४ मीटर, पण सरासरी वेग शून्य! भाषांतरकाराने एक शब्द बदलला, की उत्तरच बदलले. हुशार मुलगीही इथे चुकेल आणि घरचे म्हणतील, ‘अभ्यास कमी पडला.’

ही चूक आधी पकडण्याच्या रीती जगात रूढ आहेत. ‘पिसा’ ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. तिच्यात दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, तिसरा दोन्ही ताडून एक मजकूर ठरवतो आणि मग प्रश्न आधी थोड्या मुलांना देऊन पाहतात. दुसरी रीत आकड्यांची. दोन भाषांतली एकूण गुण सारखे असलेली मुले घ्यायची आणि एकेक प्रश्न तपासायचा. एरवी बरोबरीने चालणारी मुले एका भाषेत एकाच प्रश्नाला अडखळत असतील, तर त्या प्रश्नावर संशय घ्यायचा. मग तज्ज्ञांनी तो वाचून दोष शब्दांत आहे का, ते ठरवायचे.

अर्थात, प्रत्येक कमी गुणाचे खापर भाषांतरावर फोडता येणार नाही. ‘पिसा’च्या २००९ च्या वाढीव फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. निकालात दोन्ही राज्ये तळाशी होती. प्रश्न आपल्या मुलांच्या परिचयाचे नव्हते, असे तेव्हा आपल्याकडे म्हटले गेले आणि २०१२ ते २०२२ च्या फेऱ्यांत भारत उतरलाच नाही. तराजू तपासायला मागणे हा आपला हक्क आहे, पण म्हणून वजन करायचेच टाळणे बरे नव्हे.

पालकांनी काय करावे? मूल मराठीतून ‘नीट’ देणार असेल, तर पारिभाषिक शब्दांची मराठी-इंग्रजी वही वर्षभर ठेवायला लावा. सरावाच्या वेळी शंका आलेल्या प्रश्नाची इंग्रजी ओळ वाचायची सवय लावा. तात्पुरती उत्तरसूची जाहीर झाली, की मुदतीत शुल्क भरून हरकत घेता येते. ती तारीख चुकवू नका. आणि एखाद्या पेपरात गुण अनपेक्षित घसरले, तर मुलाला रागावण्याआधी प्रश्नपत्रिका त्याच्याशेजारी बसून एकदा वाचा.